नोकरीच्या ठिकाणी जातीय भेदभाव : कायदा कुठे उभा राहतो, कर्मचाऱ्याने काय करायचे

शिक्षण घेतले, स्पर्धा परीक्षा दिली किंवा मुलाखतीतून निवड झाली, नोकरी लागली. घरच्यांना वाटते, आता पोरगं मार्गी लागलं. पण आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणींसाठी खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारले जाते, आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव आणि गावातली वस्ती विचारली जाते. मोबाईलवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून टेबलावरचा सूर बदलतो. "सरकारचे जावई", "कोट्यातले" असे शब्द हसत हसत कानावर घातले जातात. चांगले काम दुसऱ्याच्या नावावर जाते, अवघड आणि बिनमहत्त्वाचे काम आपल्याकडे येते. गोपनीय अहवालात दरवर्षी एक पायरी खालचा शेरा मिळतो.

असा कर्मचारी साधारण दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. एक तर तो वर्षानुवर्षे गप्प बसतो, आणि बोलायचे ठरवतो तेव्हा मुदत संपलेली असते. नाही तर रागाच्या भरात थेट ॲट्रॉसिटीची तक्रार देतो, पण ती कायद्याच्या कलमात बसत नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात रद्द होते. दोन्हीकडे नुकसान आपलेच. म्हणून कोणत्या त्रासाला कोणता कायदा लागू होतो, कुठे होत नाही आणि कोणती तारीख चुकवायची नाही, हे तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी आधीच समजून घेतले पाहिजे. हा लेख त्यासाठी आहे.

हा प्रश्न जुना आहे

बाबासाहेबांनी कामाच्या ठिकाणचा भेदभाव स्वतः भोगला होता. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्याकडे फाईली लांबून टाकत. राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांना बडोदा सोडावे लागले. पदवी आणि पद मिळाले की जात मागे पडते, हा समज तिथेच खोटा ठरला.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, प्रवेश नव्हता. त्या खात्यात पगार जास्त होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा चालणार नाही, असे कारण सवर्ण कामगार देत. १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार संघटनांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. मालकाशी लढताना सहकाऱ्याच्या मनातली जात विसरून चालत नाही, हा त्या मांडणीचा अर्थ आजही लागू आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच काळातली. आज जात-धर्म न पाहता प्रत्येक कामगार ज्या हक्कांवर उभा आहे, त्यांच्या पायाभरणीत बाबासाहेबांचा हात आहे.

बौद्ध म्हणून ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आहे का?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो. अधिकारीही कधी कधी चुकीचे उत्तर देतात : "तुम्ही बौद्ध झालात, आता जात कुठे राहिली?"

संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मध्ये सुरुवातीला फक्त हिंदूंना अनुसूचित जातीचा दर्जा होता. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात झालेल्या त्या दुरुस्तीनंतर, अनुसूचित जातीतून बौद्ध धम्म स्वीकारलेली व्यक्ती आणि तिची मुले कायद्याने अनुसूचित जातीतच मोडतात. आरक्षणाचा लाभ आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण दोन्ही त्यांना आहे.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, दर्जा मूळ जातीवरून ठरतो. इतर मागास वर्गातून किंवा अन्य समाजातून धम्मात आलेल्या बांधवांना केवळ बौद्ध असल्यामुळे ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही. त्यांना संविधानातील समानतेचे हक्क आणि धर्मस्वातंत्र्य आहे, पण हा विशेष कायदा नाही. दुसरी, केंद्र सरकारच्या नोकरीसाठीच्या प्रमाणपत्रावर अनुसूचित जातींच्या यादीतील मूळ जातीची नोंद लागते. फक्त "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" एवढीच नोंद असेल तर ऐन वेळी अडचण येते. प्रमाणपत्र आणि पडताळणीची कागदपत्रे नोकरीच्या आधीच नीट करून ठेवावीत.

संविधान काय देते

कलम १४ कायद्यापुढे समानता देते. कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करण्यास मनाई करते. कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देते आणि आरक्षणाचा आधारही त्यातच आहे. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, कलम २३ वेठबिगारीला बंदी घालते.

यातली १४ आणि १६ ही कलमे मुख्यतः सरकार, सार्वजनिक बँका, महामंडळे, महापालिका अशा राज्यसंस्थांविरुद्ध वापरता येतात. खाजगी कंपनीविरुद्ध "माझे कलम १६ मोडले" असे म्हणून थेट रिट करता येत नाही. कलम १७ चे तसे नाही. ते खाजगी व्यक्तीलाही बांधील आहे.

कामाची वाटणी जातीवरून करणे हाच भेदभाव आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणात स्पष्ट केले. प्रश्न तुरुंगांचा होता. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडलोट विशिष्ट जातींच्या कैद्यांना आणि स्वयंपाक उच्च जातीच्या कैद्यांना, अशी वाटणी होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. ज्या कार्यालयात सफाईचे, शौचालयाचे किंवा मृतदेह हलवण्याचे काम पद न पाहता ठराविक समाजाच्याच कर्मचाऱ्याला सांगितले जाते, तिथे या निकालाचा आधार घेता येतो.

ॲट्रॉसिटी कायदा : कार्यालयात लागू होणारी कलमे

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ मध्ये २०१५ साली मोठी दुरुस्ती झाली. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. नोकरीच्या संदर्भात कलम ३(१) मधील पुढील पोटकलमे महत्त्वाची आहेत :

– (आर) : लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी अपमानित करण्याच्या हेतूने हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा धमकावणे.
– (एस) : अशाच ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे.
– (टी) : समाजाला आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस किंवा विटंबना करणे. यात पुतळा, फोटो, तसबीर हे सर्व येते.
– (व्ही) : समाजाला पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने किंवा अन्य मार्गाने अनादर करणे.
– (पी) आणि (क्यू) : खोटी, त्रासदायक कायदेशीर कारवाई करणे, किंवा लोकसेवकाला खोटी माहिती देऊन त्याच्या अधिकाराचा वापर आपल्याला त्रास देण्यासाठी घडवून आणणे.
– (डब्ल्यू) : महिलेला संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे, तसे शब्द किंवा हावभाव करणे.
– (झेडए) : इतरांना खुला असलेला व्यवसाय, धंदा किंवा नोकरी करण्यास अडथळा आणणे.
– (झेडसी) : सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे किंवा त्याची धमकी देणे.

कलम ३(१) खाली शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड अशी आहे. आरोपी स्वतः अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर हे कलम लागू होत नाही. आरोपीला तुमची किंवा तुमच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती हे सिद्ध झाले, तर त्याला तुमची जातही माहीत होती असे न्यायालय कलम ८ नुसार गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जातो. वर्षानुवर्षे एकाच विभागात काम करणाऱ्या साहेबाला "मला जात माहीत नव्हती" असे सहज म्हणता येत नाही.

केस कुठे अडते

आता कटू भाग. कार्यालयातील बहुतेक तक्रारी दोन मुद्द्यांवर अडतात.

पहिला मुद्दा "लोकांच्या नजरेस" या शब्दांचा. साहेबाने केबिनमध्ये बोलावून, दार लावून, एकट्याला जातीवाचक शिवी दिली, तर ती शिवी खरी असूनही (आर) आणि (एस) ही पोटकलमे लागू होणे कठीण जाते. हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना केलेला अपमान या कलमात बसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात तर घटना सरकारी कार्यालयातच घडली होती. महसूल विभागातील कर्मचाऱ्याला त्याच्या खोलीत जातीवरून बोलले गेल्याची तक्रार होती. सहकारी नंतर आत आले, घटना घडताना ते तिथे नव्हते, या कारणाने न्यायालयाने खटला रद्द केला.

म्हणून तक्रारीत घटना नेमकी कुठे घडली, दार उघडे होते का, आवाज कुठपर्यंत गेला आणि त्या क्षणी कोण कोण हजर होते, हे लिहिलेच पाहिजे. "सर्वांसमोर" एवढा एक शब्द पुरत नाही.

दुसरा मुद्दा हेतूचा. पीडित अनुसूचित जातीचा आहे म्हणून प्रत्येक अपमान या कायद्याखाली येत नाही. अपमानाचा संबंध जातीशी असावा लागतो. कामातील चुकीवरून साहेब सर्वांनाच ओरडतो, तसा तुम्हालाही ओरडला, तर तो ॲट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही. पण त्याच चुकीवर इतरांना तोंडी समज आणि तुम्हाला मेमो, सोबत "यांना काय, आरक्षणाने येतात" असे वाक्य, असे असेल तर जातीशी संबंध दाखवता येतो.

या संदर्भात महाराष्ट्रातील एक प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. त्यातून तक्रार, मग कारवाईची परवानगी नाकारणे आणि आणखी एक तक्रार असे होत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ च्या सुभाष काशिनाथ महाजन निकालात न्यायालयाने ती कारवाई रद्द केलीच, शिवाय अटकेपूर्वी परवानगी आणि गुन्ह्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशी बंधने संपूर्ण कायद्यावर घातली. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये देशभरातील दलित-आदिवासी रस्त्यावर उतरले, अनेकांचे जीव गेले. त्यानंतर संसदेने कलम १८-अ आणले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले.

आजची स्थिती अशी : गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. अटकपूर्व जामिनाला मनाई आहे, पण प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकते. कराडच्या प्रकरणाचा धडा हा, की गोपनीय अहवालाचा वाद आधी सेवा नियमांच्या वाटेने लढावा. त्यामागे जातीय हेतूचा स्वतंत्र पुरावा असेल तरच फौजदारी वाट धरावी.

गुन्हा नोंदवताना

तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि ६० दिवसांत पूर्ण करायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळण्याचा तुमचा हक्क आहे. कलम १५-अ नुसार आरोपीच्या जामिनाच्या वेळी तुमचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे आणि पीडित व साक्षीदारांना संरक्षण देणे ही राज्याची जबाबदारी आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवावी. तरीही दाद मिळाली नाही तर न्यायालयात जाता येते. तक्रार घेण्यास जाणीवपूर्वक टाळाटाळ करणाऱ्या लोकसेवकावर कलम ४ खाली कारवाईची तरतूद आहे. नियमांनुसार पीडिताला टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्यही मिळते. त्यासाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयाशी संपर्क ठेवावा.

पाण्याचा माठ वेगळा, जेवणाच्या टेबलावर बसू न देणे, कपबशी वेगळी ठेवणे असे प्रकार असतील तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ विसरू नये. हे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झाले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे या कायद्याच्या कलम १२ नुसार न्यायालय गृहीत धरते. वापर कमी असलेला, पण उपयोगी कायदा आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी

गोपनीय अहवाल : २००८ च्या देव दत्त निकालानुसार अहवालातील प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते कायम केले. प्रत मिळाली की दिलेल्या मुदतीत लेखी अभिवेदन करा. "पुढच्या वर्षी सुधारेल" म्हणून सोडू नका. पदोन्नतीच्या वेळी मागच्या अनेक वर्षांचे अहवाल एकत्र पाहिले जातात.

विभागीय चौकशी : संविधानाच्या कलम ३११ नुसार आरोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही किंवा पदावनती करता येत नाही. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर न देणे ही मोठी चूक आहे. तोंडी समजावून सांगितले तरी लेखी उत्तर द्यावेच.

बिंदुनामावली : पदभरती आणि आरक्षणाचा हिशोब बिंदुनामावलीत असतो आणि तिची तपासणी विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून होते. माहितीच्या अधिकारात तिची पाहणी करता येते. केंद्राच्या कार्यालयांत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो. त्याचे नाव किती जणांना माहीत असते?

मॅट आणि कॅट : सेवाविषयक वादासाठी राज्य कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. आधी खात्यांतर्गत अपील करावे लागते. अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करायचा असतो. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. सर्वात महत्त्वाचे : स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. "साहेबांनी बघतो म्हटलंय" या भरवशावर अनेकांचे हक्क बुडाले आहेत.

खाजगी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी

खाजगी क्षेत्रात जातीय भेदभावाला सरसकट बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलाखतीत आडनाव ऐकून नाकारले, तर ते सिद्ध करणे फार कठीण आहे. वेतन संहिताही वेतनात लिंगावरून भेदभावाला मनाई करते. जातीचा उल्लेख त्या कलमात नाही. ही पोकळी भरण्याची मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. पण म्हणून खाजगी कर्मचारी अगदी निराधार नाही.

ॲट्रॉसिटी कायदा आणि नागरी हक्क संरक्षण कायदा खाजगी कार्यालयालाही लागू आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील काही तरतुदी उपयोगाच्या आहेत :

– नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या.
– राजीनामा दिल्यावर किंवा कामावरून काढल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते.
– २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असली पाहिजे. कामगाराने तक्रार एक वर्षाच्या आत द्यायची, समितीने ती ३० दिवसांत निकाली काढायची.
– निलंबनात पहिल्या ९० दिवसांसाठी ५० टक्के निर्वाह भत्ता मिळतो. चौकशी लांबण्यात कामगाराचा दोष नसेल तर त्यानंतर ७५ टक्के.
– कामावरून काढल्याचा वाद दोन वर्षांच्या आत न्यावा लागतो. पूर्वी ही मुदत तीन वर्षे होती.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात सूडबुद्धीने कामावरून काढणे आणि गुणवत्ता न पाहता काहींना झुकते माप देणे या अनुचित प्रथा मानल्या आहेत. त्याखालील तक्रारीची मुदत फक्त ९० दिवस आहे. नव्या संहिता आल्यामुळे कोणत्या मंचाकडे जायचे हे कामगार कायद्याच्या वकिलाला विचारून पहिल्याच आठवड्यात ठरवा. व्यवस्थापकीय पदावर असलेले "कामगार" या व्याख्येत येत नाहीत. त्यांचा आधार करारपत्र आणि दिवाणी न्यायालय हाच राहतो.

कंत्राटी सफाई कामगारांचा प्रश्न आपल्या समाजाशी थेट जोडलेला आहे. कायम कामगारासारखेच काम, पण पगार कमी आणि सुरक्षा साधने नाहीत. संघटना असेल तर इथेही निकाल लागतो. मुंबई महापालिकेतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यामुळे. गटारात उतरून मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. कुटुंबाला हे कोणी सांगत नाही, कार्यकर्त्यांनी सांगावे.

महिला कर्मचाऱ्यांसाठी

जात आणि लिंग यांचा त्रास अनेकदा एकत्रच होतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३ नुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घरकाम करणाऱ्या महिलांनाही हा कायदा लागू आहे.

शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. समितीकडे तक्रार केली म्हणून पोलिसांत जाता येत नाही, असे नाही. छळात जातीचा उल्लेख झाला असेल तर तोही समितीच्या तक्रारीत लिहावा आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या (डब्ल्यू) पोटकलमाखाली वेगळी तक्रार करावी.

पुरावा : आजपासूनच

१. घटनांची वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, बोललेले नेमके शब्द, हजर असलेले लोक. घटनेच्या दिवशीच लिहिलेल्या नोंदीला वजन असते.

२. तोंडी आदेश मिळाला की त्याच दिवशी ईमेल करा : "आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम करत आहे." भांडण न करता नोंद तयार होते.

३. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आवक क्रमांक आणि शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही, असे समजा. आवक विभाग घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा.

४. व्हॉट्सॲपचे संदेश, ऑडिओ, व्हिडिओ असलेला मूळ फोन जपा. फोन विकू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी न्यायालयात विहित प्रमाणपत्र लागते, ते वकिलाकडून करून घ्या.

५. तुलना जमवा. त्याच चुकीसाठी इतरांना काय शिक्षा झाली, त्याच पात्रतेच्या इतरांना कोणते काम मिळाले. भेदभाव बहुतेक वेळा तुलनेतूनच सिद्ध होतो. सरकारी कार्यालयात यासाठी माहितीचा अधिकार वापरा, उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

६. कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे परवानगीशिवाय घरी नेऊ नका. त्यावरूनच तुमच्यावर कारवाई होऊ शकते.

७. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. दबावाखाली लिहून द्यावा लागला तर त्याच दिवशी वरिष्ठांना तसे लेखी कळवा.

आयोग आणि मोफत वकील

राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग संविधानाच्या कलम ३३८ खाली काम करतो. त्याला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, म्हणजे अधिकाऱ्याला हजर राहायला लावणे, कागदपत्रे मागवणे. पण आयोग न्यायालयासारखा मनाई हुकूम देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. आयोगाच्या पत्राने कार्यालय हलते, पण आयोगाकडे अर्ज केला म्हणून मॅट किंवा कामगार न्यायालयाची मुदत थांबत नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी सांभाळाव्यात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात करायचा. त्यांची मदतवाहिनी १५१०० आहे. अत्याचाराच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६६ आहे.

परदेशात असलेल्यांसाठी

आयटी आणि अन्य क्षेत्रांत अमेरिकेत गेलेल्या आपल्या तरुणांनाही हा अनुभव येतो, कारण जात विमानातून उतरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातीय भेदभावावर स्पष्ट बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी शहर, राज्य आणि कंपनी या तिन्ही पातळ्यांवरचे नियम पाहावेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे

तक्रारदार तुमच्याकडे येतो तेव्हा तो आधीच थकलेला असतो. त्याला लगेच मोर्चा किंवा पत्रकार परिषद सुचवू नका. आधी ऐका, कागद पाहा, तारखा लिहून काढा. कोणती मुदत सर्वात आधी संपते, ते ठरवा. नोकरी टिकवायची आहे, न्याय मिळवायचा आहे की दोन्ही, हे त्यालाच ठरवू द्या. कमकुवत तक्रार वाढवून सांगायला लावू नका. न्यायालयात एक वाढीव वाक्य उघडे पडले की बाकीची नव्वद खरी वाक्ये बुडतात, आणि पुढच्या खऱ्या पीडिताकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रत्येक बुद्ध विहारात महिन्यातून एक रविवार नोकरदारांसाठी ठेवता येईल. समाजातील एक वकील, एक निवृत्त अधिकारी, एक संघटनेचा कार्यकर्ता एवढे पुरेसे आहेत. गोपनीय अहवालावर अभिवेदन कसे लिहायचे, नोटिशीला उत्तर कसे द्यायचे, माहितीचा अर्ज कसा करायचा, हे तिथे शिकवावे. वंदनेनंतरचा एक तास कोणाची तरी नोकरी वाचवू शकतो.

शिका आणि संघटित व्हा हे आपण भिंतीवर लिहितो. कार्यालयात त्याचा अर्थ साधा आहे : नियम वाचलेला असावा, कागद जपलेला असावा आणि चौकशीच्या दिवशी आपला माणूस एकटा बसलेला नसावा.

जय भीम. नमो बुद्धाय.